पायरी सतरा

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
धरणगावच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्याच्या केबिनीत,
पोस्टमनने निळं आंतरदेशीय टाकलं.
वर आडनाव माहेरचं, तरी त्याला कळलं.
मलाही अक्षर कळलं: उभं, टाचणीसारखं,
खडू न मोडता फळा भरणाऱ्या माणसाचं.

विसपुते सर लिहितात,
तर्कशास्त्र परिषदेची बैठक अमळनेरला झाली.
अकरा जण आले, त्यातले दोघे पंख्याखाली बसायला.
नंदुरबारचे अहिरराव गेले.
अनुमानावरचं त्यांचं हस्तलिखित सुनेने जपून ठेवलंय,
कोणत्या कपाटात, ते तिला आठवत नाही.
आपल्या कॉलेजात यंदापासून विषय बंद.
तीन मुलं होती, नियमाला वीस लागतात.
तासिकेवर घेतलेला पोरगा हुशार होता,
तो आता शहाद्याला स्पर्धा परीक्षांच्या क्लासात
'सर्व कावळे काळे आहेत' शिकवतो, ताशी अडीचशेने.
चोपड्याच्या त्या दोघांचं मात्र मिटलं.
रिकामा संच असतो की नसतो
यावर एकोणीस वर्षं बोलत नव्हते;
एकाच्या नातीच्या लग्नात दुसरा
पंगतीत वरण वाढायला उभा राहिला.
प्रश्न सुटलेला नाही.

इथवर अक्षर सरळ. मग जागा संपत आली
म्हणून बारीक होत कडेने वळलेलं,
कागद फिरवत वाचावं लागलं:
अध्यक्षीय भाषण केलं नाही.
फळ्यावर माझीच सिद्धता मांडली
आणि सतराव्या पायरीशी थांबलो.
सोळावरून सतरा निघत नाही.
फेगडे, तुम्ही हे विचारलं होतं.

विचारलं होतं.
एकोणनव्वद साल, तिसरा बाक, खिडकीबाहेर बोरी कोरडी.
सर, प्रत्येक विहिरीला एक दोर आहे
म्हणून एकच दोर सगळ्या विहिरींना आहे,
असं कसं?
वर्ग हसला. दोर म्हटलं की हसतात मुलं.
सर म्हणाले, बसा.

बसले.
मग कुठे कुठे बसले:
बोहल्यावर, शिलाई मशीनवर, टायपिंगच्या क्लासात,
आणि ह्या खुर्चीवर, जिचा एक पाय आखूड आहे.
राग नव्हता असं नाही,
पण राग आणि मी, दोघंही कामाला लागलो.

इथे भरलेली गाडी वजा रिकामी गाडी म्हणजे कापूस.
यात कोणी मला बसा म्हणत नाही.
रात्री पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताचं वांगं फिरवताना
धूर डोळ्यांत गेला की आठवायचं,
धूर आहे म्हणून आग आहे, हे ठीक;
पण आग आहे आणि धूर नाही, असंही असतं,
तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा.
पस्तीस वर्षं मी तो गोळा होते,
असं लिहायला बरं वाटतं.
खरं तर मी बरंच विसरले होते.
मुद्दा तेवढा नाही.

काचेवर बोट वाजलं. पारोळ्याचा ड्रायव्हर.
"बाई, वजन व्हयनं का? काय लिखी ऱ्हायनी?"
थांब रे भाऊ, म्हटलं.
पावतीबुकातच लिहीत होते,
कार्बन खाली तसाच, त्यामुळे दोन प्रती निघाल्या.
एक माझ्याकडे आहे:

सा. न. वि. वि.
ऊन फार आहे, प्रवास करू नका.
सतरावी पायरी पुसून टाकायची गरज नाही.
ज्या विहिरीचा दोर तिलाच राहू द्या.
निष्कर्ष थोडा लहान होतो, एवढंच;
अठरापासून पुढचं उभं राहतं, मी काल रात्री पाहिलं.
तेविसाव्या पायरीबद्दल मात्र
मला विचारायचं आहे.